टोपी कुठे गेली?

बस. वही इकडे दे. आणि तो फोन पालथा घाल, त्याचं तोंड मला बघायचं नाही.

गेल्या रविवारी दहा क्रियापदं दिली होती. सुबजाँक्तिफ अँपार्फेत चालवून आण, एवढंच सांगितलं होतं. तीन पुरुष, दोन वचनं, दहा क्रियापदं, साठ रूपं. तू साठच्या साठ घरं भरून आणलीस. पट्टीनं मारलेल्या रेघा, हिरव्या शाईत मथळे. पहिलं पान बघून मनात म्हटलं, चला, पोरगं ताळ्यावर आलं. पाच क्रियापदं, तीस रूपं, एक चूक नाही. पान उलटलं आणि उजेड पडला. पहिलं पान फोननं लिहिलं होतं. दुसऱ्याच्या वेळी चार्जिंग संपलं असणार, कारण ते तू स्वतः लिहिलंस.

'व्हनीर' म्हणजे येणे. तुझ्या वहीत त्याचं रूप काय, तर 'व्हनिस'. हे कुठल्या मुलखातलं? फ्रान्समधलं तर नाही. मूळ क्रियापद घेतलंस, शेवटचा 'र' छाटलास आणि हाताला लागलं ते शेपूट चिकटवलंस. नांगराला स्कूटरचं चाक!

आता ऐक, पुन्हा सांगणार नाही. या रूपांचा पाया मूळ क्रियापदात नसतो. तो असतो पासे सँप्लमध्ये, म्हणजे साध्या भूतकाळात, आणि तिथेही 'तू'च्या रूपात. 'त्यु व्हँ', तू आलास. त्याला 'स' जोड, 'व्हँस'. 'त्यु पार्ला', तू बोललास, 'पार्लास'. 'त्यु फ्यु', तू होतास, 'फ्युस'. या हिशेबानं फ्रेंचमधली झाडून सगळी क्रियापदं चार घरांत मावतात. एक 'आस'चं घर, एक 'इस'चं, एक 'युस'चं आणि एक 'अँस'चं. पहिल्या घरात 'एर'वाली सगळी, अगदी एरवी अंगात आल्यासारखं वागणारं 'आले', म्हणजे जाणे, तेसुद्धा. चौथ्या घरात व्हनीर, तनीर आणि त्यांचा गोतावळा. ज्याला साधा भूतकाळ येतो, त्याला ही रूपं फुकट मिळतात. तुला फुकटचंही उचलता आलं नाही, कारण साधा भूतकाळ तू पोळ्याच्या सुमारास 'पुढे बघू' म्हणून बाजूला टाकलास. पऱ्हाटी पेटवली नाही, वांगं भाजलं नाही, आणि ठेचा घेऊन भरीत करायला बसलास. जळगावात राहतोस ना? मग कच्च्या वांग्याचं भरीत कुणी खाल्लेलं ऐकलंयस का?

हा पहिला गुन्हा. दुसरा याहून मोठा.

तृतीयपुरुषी एकवचन बघ. 'फ्यु'. या रूपातल्या 'यु'वर टोपी असते, सिर्कोंफ्लेक्स म्हणतात तिला. दुसऱ्या पानावरची तुझी पाचही माणसं बोडकी हिंडतायत. टोपी कुठे गेली विचारलं तर म्हणालास, "बाई, उच्चार तर तोच राहतो ना?"

हो, तोच राहतो. बोडकं 'फ्यु' म्हणजे तो होता. झालं, घडलं, खतावणीत नोंद झाली. टोपीवालं 'फ्यु' म्हणजे तो असावा, असता, न जाणो असेल. घडलं की नाही याचा पत्ता नाही. कुणाची तरी इच्छा होती, भीती होती, गरज होती, एवढंच. कानाला फरक शून्य, अर्थाला जमीन-अस्मानाचा. 'फिनीर', संपवणे, तर त्याहून बारीक. त्याची साधी, म्हणजे वर्तमानकाळी सुबजाँक्तिफ आणि ही भूतकाळी अँपार्फे, सहापैकी पाच घरांत अक्षर न अक्षर सारखी. वेगळं घर एकच, तृतीयपुरुषी एकवचनाचं. तिथली टोपी तू काढलीस आणि रूप निघालं सरळ भूतकाळात. म्हणजे ज्या एकाच घरी काम होतं, तिथेच तू गैरहजर.

ही टोपी शोभेची नाही. तिच्याखाली मेलेला 'स' आहे. जुन्या फ्रेंचमध्ये हे रूप 'फ्युस्त' असं लिहीत. पुढे 'स' गळाला आणि त्याच्या जागेवर खूण म्हणून टोपी आली. दवाखान्याचा शब्द आठव. इंग्रजांनी हॉस्पिटलमधला 'स' ठेवला, फ्रेंचांनी घालवला आणि 'ओपिताल'मधल्या 'ओ'ला टोपी घातली. १९९० साली फ्रान्समध्ये शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या झाल्या. 'इ' आणि 'यु'वरच्या कितीतरी टोप्या तेव्हा ऐच्छिक केल्या. पण या क्रियारूपांवरची टोपी नावानिशी राखून ठेवली, कारण ती काढली तर अर्थ जातो. एवढी सूट देणाऱ्यांनीही जिला हात लावला नाही, ती तू एका रविवारात उतरवून टाकलीस.

तोंड वाकडं करू नकोस. एका टोपीसाठी बाई एवढ्या का पेटल्या, असं तुझ्या चेहऱ्यावर लिहिलंय. मग आपल्या मराठीतलं सांगते. 'तो येतो.' काय अर्थ? येतो, रोज येतो, आत्ता येतो. आता शेवटच्या 'तो'ची एक मात्रा उडव. 'तो येता.' 'तो येता तर बरं होतं.' काय झालं? माणूस आलाच नाही. एक मात्रा गेली आणि आलेला माणूस न आलेला झाला. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त याला संकेतार्थ म्हटलंय. ताख्यातापासून होणारी रूपं. 'मृगात पाऊस पडता तर कपाशी हाताशी लागती.' आज तू असं बोलत नाहीस. तू म्हणतोस, 'पडला असता तर लागली असती.' एका शब्दाचं काम दोन शब्दांवर सोपवलंस आणि जुनं रूप कडेला ठेवलंस. फ्रेंच माणसानं वेगळं काय केलं? तोही म्हणतो, कोण एवढी कसरत करील, बोलताना साधी सुबजाँक्तिफ पुरे.

म्हणून म्हणते, 'बाई, हे आता कुणी बोलत नाही' हे जे तू समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलंयस, ते मला माहीत आहे. तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे. १९०१ च्या फेब्रुवारीत फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यानं फर्मान काढलं होतं, की मुख्य वाक्य अमुक प्रकारचं असेल तर पोटवाक्यात या रूपाऐवजी साधी सुबजाँक्तिफ लिहिणाऱ्या पोराचे गुण कापू नका. तेव्हापासून ते मागे मागेच सरकलंय. फ्रेंच लोक तर त्याची टिंगल करतात. आल्फाँस आले नावाच्या विनोदी लेखकाच्या नावावर एक प्रेमकविता सांगतात. तीत प्रियकर प्रेयसीची आळवणी करतो ती याच रूपांच्या माळा लावून, आणि त्या 'आस', 'इस', 'युस'च्या सळसळाटात बिचाऱ्याचं प्रेम बुडून जातं. ऐकणारे पोट धरून हसतात. पण हसतात कोण? ज्यांना रूप ओळखता येतं ते. तू त्या बैठकीत बसलास तर शेजारच्याकडे बघून हसशील.

न वापरणं वेगळं आणि न येणं वेगळं. धुळ्याच्या बाजारात पैसे असून जिलबी न घेणारा आणि खिसा फाटका म्हणून न घेणारा, दोघेही रिकाम्या हातानंच घरी जातात. म्हणून ते सारखे होत नाहीत. फ्रेंच माणूस हे रूप खिशात ठेवून हिंडतो. तुझा खिसा फाटका आहे आणि तू ऐट त्याची करतोस.

आणि तुला तरी हे म्हणायचा काय अधिकार? फ्रेंच शिकायला तू माझ्याकडे का आलास ते आठव. पॅरिसच्या कॉफीहाऊसात गप्पा मारायला आला असतास तर मी दहा धडे देऊन मोकळी झाले असते. तू या खुर्चीत बसून सांगितलंस, की मला अठराव्या शतकातले फ्रेंच कागद वाचायचेत, मराठ्यांबद्दलचे. फ्रेंच सेनानी बुसीची पत्रं, गव्हर्नर डुप्लेचा पत्रव्यवहार, महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या डी बॉइनच्या वेळचे कागद. माझी छाती भरून आली होती. अरे, १७५२ च्या भालकीच्या तहात निजामानं पेशव्यांना तापी-गोदावरीमधला मुलूख सोडला. त्या निजामाच्या शेजारी फौज घेऊन बुसी उभा होता. म्हणजे ज्या मातीत तुझ्या बापाची कपाशी उभी आहे तिची बोलणी चालली होती तेव्हा एक फ्रेंच माणूस तिथे होता, आणि तो घरी फ्रेंचमधून पत्रं लिहीत होता. ते वाचायला इथलं कुणीतरी पोर जातंय, याचा मला आनंद झाला होता.

आता सांग, त्या शतकातला शिकलेला फ्रेंच माणूस भूतकाळातल्या इच्छेचं, आज्ञेचं, भीतीचं पोटवाक्य कशात लिहायचा? याच रूपात. त्याला ती चैन नव्हती, रोजची वहिवाट होती. तू त्याला सांगणार आहेस का, 'साहेब, हे आता कुणी बोलत नाही'? समज, एखाद्या पत्रात वाक्य आलं की अमक्या सरदारानं माघार घ्यावी हे जरुरीचं होतं. तू टोपी न बघता वाचलंस, आणि तुझ्या प्रबंधात छापून आलं की अमक्यानं माघार घेतली. सरदार जागेवरून हललाही नाही आणि तू त्याला नदीपार नेऊन पोचवलंस. पुढचे दहा जण तुझा हवाला देतील. एका टोपीनं लढाई फिरते ती अशी.

इथून रिक्षानं दहा मिनिटांवर राजवाडे संशोधन मंडळ आहे. दारावरून किती वेळा गेलास, आत किती वेळा गेलास, विचारत नाही. उत्तर ऐकून माझाच संताप वाढेल. इतिहाससंशोधक राजवाडे १९२६ च्या डिसेंबरात याच धुळ्यात वारले आणि दुसऱ्याच वर्षी मंडळ उभं राहिलं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावानं बावीस खंड काढणारा माणूस. त्यानं १९०९ साली ज्ञानेश्वरीतल्या मराठीचं व्याकरण लिहिलं, धातूंचा कोश रचायला घेतला. दप्तरं धुंडाळत गावोगाव फिरणाऱ्याला ही आख्यातांची, म्हणजे क्रियारूपांची उठाठेव कशाला? मला विचारशील तर एकच कारण. कागद सापडला म्हणजे वाचता आला असं होत नाही. कुणी कुणाला काय केलं, की करावं म्हणून लिहिलं, की करता तर बरं होतं म्हणून हळहळला, हे क्रियापदाच्या शेपटीत असतं. शेपटी न बघता बैल विकत घेणारा आणि आख्यात न बघता कागद वाचणारा, दोघेही फसतात.

आता तिसरी गोष्ट. ही वहीत नाही, पण आज मी ती सोडणार नाही.

मघाशी तुला आजीचा फोन आला. पारोळ्याकडची आजी. फोनचा आवाज तू एवढा मोठा ठेवतोस, की मला स्वच्छ ऐकू आलं. ती म्हणाली, "कथा शे रे भाऊ?" तू माझ्याकडे चोरून बघितलंस, आवाज खाली आणलास आणि म्हणालास, "क्लासमध्ये आहे, नंतर बोलतो." ती अहिराणीत विचारते आणि तू पुण्याच्या मराठीत उत्तर देतोस. कुणासाठी? माझ्यासाठी? मी साक्रीकडची आहे, शहाण्या. माझं बाळपण 'शे' आणि 'व्हता'मध्ये गेलंय.

लाज वाटली त्याबद्दल मी रागावत नाही. ती लाज तुला कुणी शिकवली ते मला ठाऊक आहे. माझ्या पहिल्या नोकरीत वर्गात 'शे' म्हणणाऱ्याचं नाव मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत असे, आणि शाळा सुटेपर्यंत पुसत नसे. बारा वर्षं लिहिलं. तो हिशेब माझा आहे, मी तो फेडतेय. माझा राग वेगळा आहे. तू दोन वर्षं माझ्याकडे एकच रडगाणं गातोयस, की फ्रेंच वर्तमानकाळ कळत नाही. 'ज पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल'. लिहिताना वेगळं, ऐकताना सगळं एकच, मग बोलणारा कोण ते कसं कळायचं? आणि पुरुष की बाई तेही क्रियापदावरून कळत नाही, मराठीत कसं करतो-करते असतं.

अरे, तुझ्या आजीच्या तोंडी काय आहे? मी करस, तू करस, तो करस, ती करस. बघ! पुरुष कुठलाही असो, लिंग कुठलंही असो, एकवचनात रूप एकच. म्हणून तिला 'मी' किंवा 'तू' सहसा सोडता येत नाही, जसं फ्रेंच माणसाला 'ज' आणि 'त्यु' सोडता येत नाही. मराठीच्या चष्म्यातून जे तुला दोन वर्षं उमगलं नाही, ते अहिराणीच्या उंबऱ्यावर उभं राहून दोन मिनिटांत उमगलं असतं. किल्ली तुझ्या घरच्या खुंटीवर लटकत होती आणि तू कुलूप दगडानं फोडत बसलास.

ही तुझी बोली गावंढळ, तिला कसलं आलंय व्याकरण, असं तुला वाटत असेल, तर ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा नववा खंड काढ, तिसरा भाग. १९०७ साली छापलाय. त्यात खानदेशीची, म्हणजे तुझ्या अहिराणीचीच रूपं कोष्टकात मांडलेली आहेत, तुझ्या हिरव्या शाईसारखी नव्हे, नीट. आणि झ्यूल ब्लोक हे नाव कधी ऐकलंयस? पॅरिसचा माणूस. मराठी भाषा कशी घडली यावर त्यानं फ्रेंचमध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं, १९२० साली प्रसिद्ध झालं. एकेका प्रत्ययाच्या मागे तो प्राकृतापर्यंत गेला. १९४१ साली वासुदेव गोपाळ परांजप्यांनी ते मराठीत आणलं, 'मराठी भाषेचा विकास' या नावानं. एका फ्रेंच माणसाला 'करी' आणि 'करिता'मधला फरक कळला होता, आणि एका मराठी माणसाला फ्रेंच टोप्या कळल्या होत्या. दोघांकडेही फोन नव्हता.

रडू नकोस. तू वीस वर्षांचा घोडा आहेस आणि माझ्याकडे रुमालही नाही. पाणी पी. माठ तिकडे आहे.

पुढच्या रविवारी काय आणायचं ते लिहून घे. शाई निळी, मथळे नकोत. क्रियापदं तीच दहा. प्रत्येकाचं आधी साध्या भूतकाळातलं 'तू'चं रूप, मग त्यावरून सुबजाँक्तिफ अँपार्फेची सहा. टोप्या मी लाल पेनानं मोजणार आहे. दहा टोप्या पाहिजेत, नऊ चालणार नाहीत. त्याच्या शेजारी मराठी संकेतार्थ: मी येतो, तू येतास, तो येता, ती येती, आणि पुढची. कुठे अडलास तर दामले उघड, मला फोन करू नकोस.

तिसऱ्या रकान्यात अहिराणी. तो फोनमध्ये सापडायचा नाही आणि माझ्याकडूनही मिळायचा नाही. शनिवारी जळगावहून निघालास की पारोळ्याला उतर. रात्री आजीजवळ बस. तिला 'व्याकरण सांग' म्हणू नकोस, ती घाबरेल. तिला विचार, यंदा पाऊस वेळेवर आला असता तर काय झालं असतं. दादा असते तर काय म्हणाले असते. तू शाळेत गेली असतीस तर काय झाली असतीस. आणि ती बोलेल ते जसंच्या तसं उतरवून घे, एक काना सुधारू नकोस. जे झालं नाही त्याबद्दल त्या वयाची बाई जेवढं बोलू शकते, तेवढं कादंबरीकार फ्लोबेरसुद्धा लिहू शकला नसता. सगळी रूपं आपोआप मिळतील. सकाळच्या गाडीनं इकडे ये.

आणि तिचा पुन्हा फोन आला तर माझ्यासमोर घे. मोठ्यानं बोल. 'आठे शे माय, बाईना घर शे' म्हण. मी फळ्यावर नाव लिहिणार नाही.

ऊठ आता. वही घे. ती हिरवी शाई इथेच ठेवून जा. आणि पळ, जळगावची एसटी पाचला आहे. मी आणखी दोन मिनिटं बोलते तर तुझी गाडी चुकती.

या शेवटच्या वाक्यातलं 'चुकती' कुठलं रूप, ते खिडकीपाशी बसून ठरव. पारोळा येईपर्यंत वेळ आहे.